आल्बच्या घाटवाटेवर

घाटमाथ्यावर राहणाऱ्या माणसाला परमुलखातील घाटही फार काळ परका वाटत नाही. आम्हां बेळगावकरांचे तर निम्मे आयुष्य घाटांच्या हिशेबात जाते. आंबोली उतरले की सावंतवाडी, चोर्ला उतरला की गोवा. पावसाळ्यात घराबाहेर पडणाऱ्याला "घाटात जपून" एवढे दोन शब्द सांगितल्यावाचून आमच्याकडे निरोप पुरा होत नाही. हेच दोन शब्द जर्मनीच्या दक्षिण भागात, हिवाळ्याच्या तोंडावर, तितक्याच काळजीने उच्चारले जातात, हे २०२४ च्या शरदात आम्हांस प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. दसऱ्याच्या सुटीस अर्जित रजा जोडून आम्ही उभयता कन्या-जावयांकडे ट्युबिंगेन येथे आठ आठवडे राहून आलो. त्या गावाच्या दक्षिणेस जे पठार आहे, त्याच्या घाटवाटेची आणि त्या वाटेने जाणाऱ्या गाडीच्या चाकांची ही हकिकत आहे.

त्या पठाराचे नाव श्वेबिश आल्ब. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या प्रांतात सुमारे दोनशे किलोमीटर लांबीचे हे पठार पसरलेले आहे. त्याची घडण पाहताच आम्हांस सह्याद्रीची आठवण व्हावी, यात नवल नाही. सह्याद्री जसा पश्चिमेस कोकणाकडे कड्यांनी तुटतो आणि पूर्वेस हळूहळू उतरत जातो, तसेच आल्बचे आहे. वायव्येस उभी कड, तर आग्नेयेस डॅन्यूब नदीपर्यंत मंद उतार. आमच्या घाटमाथ्यावरचे पश्चिमेकडे वळलेले पाणी अरबी समुद्राला मिळते आणि पूर्वेकडे वळलेले घटप्रभा-मलप्रभेच्या वाटेने कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. आल्बच्या कड्यावर पडणाऱ्या पावसाचीही अशीच फाटाफूट होते. वायव्येचे पाणी नेकार आणि ऱ्हाइन या नद्यांवाटे उत्तर समुद्रात जाते, आग्नेयेचे डॅन्यूबबरोबर थेट काळ्या समुद्रात. भेद आहे तो दगडाचा. आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा, आल्ब पांढऱ्या चुनखडीची. चुनखडी पाणी पिऊन टाकते. त्यामुळे पठाराच्या पोटात गुहा आणि भुयारी झरे पुष्कळ, पण माथ्यावर पाण्याचे दुर्भिक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खालच्या दऱ्यांतील पाणी पंपांनी वर चढविण्याची योजना झाली, तेव्हा कोठे तेथील गावांची तहान भागली.

पायथ्याचे ट्युबिंगेन हे विद्येचे गाव. तेथील विद्यापीठ १४७७ साली स्थापन झाले. नेकार नदीच्या काठी उतरत्या छपरांची जुनी घरे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत आणि ज्या पिवळ्या मनोऱ्यात होल्डरलिन या कवीने आयुष्याची अखेरची छत्तीस वर्षे काढली, तोही नदीवरच आहे. परंतु सीमाभागातील आम्हां वाचकांना या गावाशी नाते सांगता येईल ते निराळ्याच कारणाने. कन्नड-इंग्रजी शब्दकोशाचे कर्ते फर्डिनांड किटेल १९०३ साली याच गावी वारले. १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेला तो कोश आजही कन्नड अभ्यासकांच्या हाताशी असतो, आणि धारवाडास त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. मराठी शाळेत आयुष्य घालविलेल्या आम्हांलाही शेजारच्या भाषेचा हा उपकारकर्ता येथे विसावला, हे जाणून त्या गावाविषयी आपलेपणा वाटला.

योगायोग असा की, 'किटेल' या शब्दाशी आमची दुसरी गाठ लगेचच पडली. श्वाबी बोलीत किटेल म्हणजे अंगावर घालण्याचा डगला. तेथील लोक म्हणतात, आल्बवर नेहमी एक किटेल जास्त थंडी असते. म्हणजे ट्युबिंगेनात सदरा पुरत असेल, तर पठारावर जाताना डगला चढवावा. या म्हणीमागे साधा भूगोल आहे. ट्युबिंगेन समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास आणि पठार सातशे-आठशे मीटर उंच. शंभर मीटर चढले की तपमान अर्ध्या अंशाहून थोडे अधिक उतरते, हे आम्ही मुलांना वर्गात शिकवितो. मात्र त्या दोन-तीन अंशांनी पायथ्याचा पाऊस माथ्यावर हिम होतो आणि पायथ्याचा ओला रस्ता माथ्यावर काचेसारखा गुळगुळीत होतो, हे वर्गात समजत नाही. ते त्या घाटातच समजते.

वाट अशी आहे. ट्युबिंगेनहून रॉइटलिंगेन, तेथून फुलिंगेन, मग एखाट्स नावाच्या छोट्या नदीच्या काठाने दरी अरुंद होत होत होनाऊ नावाच्या खेड्याशी येते. नदी तेथेच उगम पावते. पुढे दरी संपते आणि रस्त्याला वर चढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्या चढणीला होनाऊचा घाट म्हणतात. उजव्या हातास, कड्याच्या अगदी टोकावर, लिश्टेनश्टाइनचा चिमुकला किल्ला दिसतो. या किल्ल्याची कथा मराठीच्या शिक्षकाने सांगितल्यावाचून पुढे जाऊ नये अशी आहे. विल्हेल्म हाउफ या तरुण लेखकाने १८२६ साली 'लिश्टेनश्टाइन' ही ऐतिहासिक कादंबरी लिहिली. जुना किल्ला तोवर पडून गेलेला होता. कादंबरी वाचून त्या राजघराण्यातील एका सरदाराच्या मनाने असे घेतले की, तसा किल्ला पुन्हा तेथे असावा, आणि १८४० ते १८४२ या काळात त्याने तो उभा केला. किल्ल्यांवरून कादंबऱ्या लिहिल्या गेलेल्या आपण पुष्कळ पाहिल्या. कादंबरीवरून किल्ला बांधला गेल्याचे उदाहरण आम्ही तरी हे पहिलेच पाहिले.

असो. आता मूळ विषयाकडे वळतो.

आमची कन्या वैद्यकीय शिक्षण संपवून त्या पठारावरील एका लहान गावच्या रुग्णालयात नोकरी करते. राहणे ट्युबिंगेनास, कारण जावईबापूंची नोकरी रेल्वेमार्गावरच्या दुसऱ्या गावी आहे. आठवड्यातून चार-पाच दिवस तिला हा घाट चढावा लागतो, कधी पहाटे साडेपाचला घर सोडून, कधी रात्रपाळी संपवून उलट दिशेने. त्यासाठी तिने एक जुनी मोटार घेतली होती. तिच्यावर 'बारमाही' टायर चढविलेले होते, म्हणजे उन्हाळा-हिवाळा दोन्ही ऋतूंत चालणारे. आम्ही तेथे पोहोचलो त्याच आठवड्यात गाडी गॅरेजात न्यावी लागली, कारण त्या टायरांच्या बाबतीत कायदा बदलला होता.

हा बदल समजण्यासाठी टायरावरील खुणा वाचता आल्या पाहिजेत. त्या वाचणे ही एक लहानशी लिपी शिकण्यासारखी गोष्ट आहे. कन्येच्या गाडीच्या टायरावर '२०५/५५ आर १६ ९१ एच' असे कोरलेले होते. टायरची रुंदी २०५ मिलिमीटर, तिच्या शेकडा ५५ इतकी त्याच्या कडेची उंची, 'आर' म्हणजे आतील धागे आडवे बसविलेला रेडियल प्रकार आणि १६ इंचांची चकती. ९१ हा भाराचा अंक. त्याचा अर्थ, एका टायरने ६१५ किलो पेलावे. 'एच' या अक्षराने ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा सांगितलेली असते. याखेरीज एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. तेथे '४११७' असे होते, म्हणजे तो टायर २०१७ च्या ४१ व्या आठवड्यात तयार झाला.

त्याच बाजूवर 'एम + एस' ही अक्षरेही होती. जर्मन भाषेत त्यांचा अर्थ चिखल आणि बर्फ. परंतु ही अक्षरे टायर बनविणाऱ्याने स्वतःच छापावयाची असतात. त्यासाठी कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. परीक्षा उत्तीर्ण झाल्याची खूण निराळी आहे. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात एक हिमकण. ही खूण मिळविण्यासाठी ठरावीक नमुन्याच्या टायराच्या तुलनेत प्रत्यक्ष बर्फावर पकड किती आहे, हे मोजून दाखवावे लागते. शिक्षकाच्या भाषेत सांगावयाचे तर एक स्वतःच्या हाताने लिहिलेला दाखला, दुसरे मंडळाचे प्रमाणपत्र. २०१७ अखेरपर्यंत तयार झालेल्या टायरांवर नुसता पहिला दाखला असला तरी तो जर्मनीत हिवाळी टायर म्हणून ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत चालत असे. १ ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर-हिमकणाची खूण नसलेला टायर बर्फाळ रस्त्यावर वापरणे गुन्हा ठरले. दंड साठ युरोचा, आणि फ्लेन्सबुर्ग येथील सरकारी दप्तरात चालकाच्या नावावर एक दोषगुण. जर्मनीत तारखेने बांधलेली सक्ती नाही. २०१० पासूनचा नियम असा की, रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल, दहिवर किंवा गोठलेले पाणी असेल, तर योग्य टायरावाचून गाडी चालवावयाची नाही. लोक मात्र एक सोपा मंत्र पाळतात, 'फॉन ओ बिस ओ', म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न. ओस्टर्न हा त्यांचा ईस्टरचा सण. आपल्याकडे जशी मृगापासून छत्रीची तयारी, तशी तेथे ऑक्टोबरात चाकांची.

टायर बदलावयाचेच, हे ठरले. प्रश्न उरला तो, कोणते घ्यावयाचे. नव्या जातीचे, डोंगर-हिमकणाची खूण असलेले बारमाही टायर घ्यावेत, की उन्हाळी आणि हिवाळी असे दोन संच ठेवून वर्षातून दोनदा ते बदलावेत? या प्रश्नावर आमच्या घरात चार दिवस जेवणाच्या वेळी खल झाला. शिक्षकाच्या घरात प्रत्येक गोष्टीचा वर्ग होतो, असे सौभाग्यवती म्हणतात, ते या वेळी अगदीच खोटे नव्हते.

प्रथम रबराचा विचार. आपल्याकडे पौष-माघात बाटलीतले खोबरेल तेल गोठते. वैशाखात तेच पाण्यासारखे पातळ असते. रबर गोठत नाही, पण थंडीने ताठरते, ही गोष्ट त्याच जातीची आहे. उन्हाळी टायराचे रबर तापलेल्या रस्त्यावर झिजू नये आणि लवू नये म्हणून मुळातच कडक ठेवलेले असते. पारा सातेक अंशांखाली गेला की ते रस्त्याला चिकटेनासे होते. सात अंशांचा हा आकडा ठोकताळा आहे, शास्त्राचा नियम नव्हे. परंतु दिशा बरोबर दाखवितो. हिवाळी टायराचे रबर थंडीतही मऊ राहील असे बनविलेले असते. उन्हाळ्यात तेच टायर ठेवले, तर ते भराभर झिजतात आणि तापलेल्या रस्त्यावर थांबण्यास अधिक अंतर घेतात.

दुसरा विचार नक्षीचा. हिवाळी टायराच्या रबरी ठोकळ्यांवर नागमोडी, बारीक चिरा असतात. चाक जमिनीला टेकते तेव्हा या चिरा किंचित उघडतात आणि त्यांच्या असंख्य कडा बर्फात रुततात. रुंद खाचांत बर्फ दाबून भरतो. भरलेला बर्फ निघून जावा असे कोणालाही वाटेल, पण येथे उलट आहे. लाडू वळताना जसे पीठ पिठालाच धरते, तसा खाचेतला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो, आणि पकड वाढते. मात्र या मऊ, चिरा पाडलेल्या ठोकळ्यांचा एक तोटा आहे. कोरड्या रस्त्यावर वेगाने वळताना ते जागच्या जागी हलतात आणि सुकाणू फिरविल्यावर गाडी क्षणभर उशिरा ऐकते. बारमाही टायर या दोन टोकांच्या मध्ये उभा असतो. रबर मध्यम, चिरा मध्यम. चांगल्या कंपनीचा बारमाही टायर ओल्या रस्त्यावर उत्तम चालतो, हलक्या बर्फावर निभावतो. परंतु ज्याला दोन्ही घरचे पाहुणपण करावयाचे असते, त्याला कोणत्याच घरी पोटभर जेवता येत नाही, तसे त्याचे आहे.

तिसरा विचार आम्ही कागदावर केला. शाळेतल्या सूत्राने गणित मांडले. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर धावते. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.८ धरला, तर ब्रेक दाबल्यापासून ती सुमारे १२ मीटरांत थांबते. दाबलेल्या बर्फावर घर्षणांक ०.२५ धरला, तर तेच अंतर ४० मीटरांच्या घरात जाते. निव्वळ गोठलेल्या पाण्यावर ०.१ धरला, तर शंभर मीटरांच्या घरात. यात चालकाला संकट ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद, म्हणजे आणखी १४ मीटर, धरलेले नाहीत. आणि हे सारे कशाच्या बळावर? एक टायर कोणत्याही क्षणी जमिनीला टेकलेला असतो तो साधारण एका पोस्टकार्डाएवढा. चार चाकांची चार पोस्टकार्डे. हजार-बाराशे किलोंची गाडी आणि आतली माणसे एवढ्या जागेवर तोललेली असतात, हे आकडे मांडल्यावर घरातील चर्चेचा सूर आपोआप गंभीर झाला.

जावईबापू हिशेबी गृहस्थ आहेत, आणि तो त्यांचा दोष नव्हे. ते म्हणाले, "बाबा, ट्युबिंगेनात बर्फ पडतो आणि दोन दिवसांत वितळतो. दोन संच म्हणजे जादा चकत्या, वर्षातून दोनदा बदलण्याची मजुरी, शिवाय ठेवावयास जागा नाही म्हणून गॅरेजात भाड्याने ठेवणे. बारमाही घेतले की हा सारा व्याप संपतो."

"जावईबापू, तुमच्या गाडीपुरते हे अगदी खरे आहे," आम्ही म्हणालो, "पण दोन संच प्रत्येकी सहाच महिने चालतात, म्हणजे झीजही वाटली जाते. टायरांचा खर्च दुप्पट होत नाही."

कन्येचे म्हणणे मधले होते. तिला बर्फाची भीती होती, पण वर्षातील बहुतेक दिवस तिची गाडी कोरड्या नाहीतर ओल्या रस्त्यावर धावते, आणि घाटातील वळणांवर गाडी हाताशी असावी हेही तिला हवे होते. या वादाचा निकाल लावला तो सौभाग्यवतींनी, आणि तोही एका वाक्यात. त्या म्हणाल्या, "ज्याला 'आज बर्फ आहे, बसने जातो' म्हणता येते, त्याने तडजोड करावी. हिला पहाटे 'आज येत नाही' म्हणता येत नाही. तिथे रोगी वाट बघत असतो. हिच्या गाडीला तडजोड नको."

नंतर आमच्या ध्यानात आले की, जर्मनीतील मोटार-संघटनाही बारमाही टायरांविषयी नेमका हाच सल्ला देतात. जो सपाटीवर, थोडे अंतर, बहुतांशी शहरात चालवितो आणि हवा बिघडल्यास गाडी घरी ठेवू शकतो, त्याला बारमाही पुरेसे. ज्याला डोंगरात, कोणत्याही हवेत जावेच लागते, त्याने दोन संच ठेवावेत. निवड टायरावरून करावयाची नसून आपल्या दिनक्रमावरून करावयाची आहे. एकाच घरातील दोन गाड्यांना त्यामुळे दोन निराळी उत्तरे मिळाली. जावईबापूंच्या लहान गाडीला बारमाही, कन्येच्या गाडीला दोन संच.

गॅरेजमधील वयस्क कारागीर मितभाषी होता. कन्येने दुभाषाचे काम केले. हिवाळी टायरांतही दोन जाती आहेत, हे आम्हांस त्याच्याकडून कळले. युरोपात टायरावर एक रंगीत पट्टी चिकटविलेली असते. तीवर इंधनाची बचत आणि ओल्या रस्त्यावरील पकड या दोहोंना 'ए' ते 'ई' अशी श्रेणी असते, आवाजाचे माप असते, आणि बर्फाच्या खुणा असतात. त्यांपैकी एक खूण गोठलेल्या पाण्यावरील पकडीची. आम्हांस वाटले, तीच घ्यावी. कारागिराने मान हलविली. ती जात उत्तरेच्या देशांसाठी, जेथे महिनोन्महिने रस्ता गोठलेलाच असतो. तिचे रबर अतिशय मऊ. येथील हिवाळा बहुतांशी ओला आणि थंड. तेथे ती जात ओल्या रस्त्यावर मागे पडते. त्याने मध्य युरोपासाठी बनविलेला, डोंगर-हिमकणाची खूण असलेला आणि ओल्या पकडीत वरची श्रेणी मिळालेला टायर सुचविला. त्याच्याही आणखी दोन-तीन गोष्टी आम्ही टिपून ठेवल्या. चारही टायर एकाच जातीचे असावेत. दोन कमी झिजलेले आणि दोन अधिक झिजलेले असतील, तर चांगले दोन मागच्या चाकांना लावावेत, कारण पुढची चाके घसरली तर चालकाला कळते, मागची घसरली तर गाडी फिरते. कायद्याने खाचेची खोली १.६ मिलिमीटर चालते, पण बर्फात चारपेक्षा कमी चालू नये. त्याने खिशातून दोन युरोचे नाणे काढून खाचेत उभे धरले. नाण्याची चंदेरी कड चार मिलिमीटर रुंद असते. ती पूर्ण बुडाली, तर टायर ठीक.

आम्ही विचारले, चारही चाके ओढणारी गाडी असती, तर? तो हसला. चार चाकांची ओढ चढावर निघावयास मदत करते, थांबावयास नाही. थांबविते ते टायरच.

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात एका रात्री बर्फ पडला. पहाटे पाचला खिडकीतून पाहिले, तर अंगणातील सायकली ओळखू येत नव्हत्या. कन्येने नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर निघावयाचे ठरविले. गाडीवरचा बर्फ झाडला, डब्यात चहा घेतला. सौभाग्यवती दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "घाटात जपून." बेळगावच्या ओसरीवर उच्चारलेले शब्द तेथे जिन्यात उच्चारले गेले, एवढाच फरक. त्यानंतरचा सव्वा तास आम्ही दोघे स्वयंपाकघरातील मेजाशी बसून होतो. बोलण्यासारखे पुष्कळ होते, पण बोललो नाही. जावईबापूंनी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो निवाला. पावणेसातला फोनवर एकच शब्द आला, "पोहोचले." तो शब्द वाचल्यावर आमच्या मनातून टायरांच्या किमतीचा हिशेब कायमचा पुसला गेला.

चार दिवसांनी, तिच्या सुटीच्या दिवशी, भर दुपारी तिने आम्हांस त्याच घाटाने पठारावर नेले. रस्ता नांगरल्यासारखा साफ करून त्यावर मीठ टाकलेले होते. तरी कडेने तपकिरी, ओला बर्फ साचलेला होता, आणि सावलीतील वळणांवर पांढरा थर तसाच होता. होनाऊ मागे टाकून चढ लागला. मधल्या वळणावर मालाची एक छोटी मोटार अडकली होती. पुढची चाके जागच्या जागी फिरत होती आणि मागचे अंग हळूहळू कडेला सरत होते. कन्येने बऱ्याच अंतरावर गाडी थांबविली. पुढच्याने मागे घसरत यावे, एवढी जागा तिने मुद्दाम सोडली होती. सौभाग्यवतींनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. काही वेळाने तो माणूस निघून गेला आणि आता उभ्या चढावर, बर्फावरून आपल्याला निघावयाचे, ही वेळ आली. कन्येने हलकेच पाय दाबला. चाके एकदाही न फिरता गाडी सरळ चालू लागली. आम्हांस त्या क्षणी कारागिराची मितभाषी मूर्ती आठवली.

वर पठारावर आकाश निळे होते आणि शेते शुभ्र. मोठे झाड क्वचितच. जुनिपरची काळी-हिरवी झुडपे मात्र पहारेकऱ्यांसारखी उभी. ज्या कुरणांवर उन्हाळाभर मेंढ्या चरतात, ती सारी बर्फाखाली निजलेली. कड्यावरून खालची दरी, एखाट्सचा चंदेरी पट्टा आणि दूर धुरकट मैदान दिसले. आंबोलीच्या कड्यावरून कोकण दिसते, तसेच. एक डगला जास्त थंडी खरोखरच होती.

उतरताना कन्येने गाडी खालच्या गिअरात घातली आणि ब्रेकला क्वचित पाय लावला. वेग ताशी तीसच्या आत. आम्ही मनात पुन्हा सूत्र मांडले. तीसच्या वेगाला त्या बर्फावर थांबावयास १४ मीटर लागतात, पन्नासला ४०. वेग पावणेदोन पटही वाढला नाही, तोच अंतर जवळजवळ तिप्पट झाले. चांगला टायर या गणितातील एक आकडा सुधारतो. उरलेले आकडे चालकाच्या पायात असतात. "नवे टायर आल्यापासून सगळ्यांत मोठा धोका कोणता?" असे आम्ही विचारले, तेव्हा कन्या म्हणाली, "बाबा, नवे टायर आहेत ही आठवण." हे उत्तर आम्हांस कोणत्याही पुस्तकातील उत्तराइतके मोलाचे वाटले.

आता आपल्या घरांतील अनेकांची मुले युरोपात, कॅनडात, अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे हिवाळ्यात जाणाऱ्या आईबापांनी स्वेटर आणि लोणच्याच्या बरणीबरोबर एक प्रश्नही न्यावा. गाडीच्या टायरावर तीन शिखरांचा डोंगर आहे का? अमेरिकेत पुष्कळ गाड्यांवर बारमाही टायर असतात आणि त्यांतील सर्वांवर ही खूण असतेच असे नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. नियम देशोदेशी वेगळे असतील, रबर सर्वत्र सारखेच ताठरते.

आणि ज्यांना बर्फ कधी पाहावयाचा नाही, त्यांच्यासाठीही या घाटाची शिकवण निरुपयोगी नाही. आमच्या आंबोली-चोर्ल्यात बर्फ नाही, पण ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत रस्त्यावरून पाणी वाहते. टायराच्या खाचा हे पाणी बाजूला सारण्यासाठीच असतात. त्या झिजल्या की चाकाखाली पाण्याचा थर राहतो, गाडी त्या थरावर तरंगते आणि सुकाणू नावापुरते उरते. खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचे आडवे बंध असतात. झीज त्या बंधांपर्यंत आली की टायराचे आयुष्य संपले. हे पाहावयास ना यंत्र लागते, ना कारागीर. मृगाच्या आधी एका सकाळी अंगणात वाकून पाहिले की पुरे.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविण्याचे काम आम्ही लहानपणी लोहाराच्या दारात पाहिले आहे. गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल तापवावयाची, चाकावर बसवावयाची आणि पाणी ओतून आवळावयाची. त्या दिवशी गाडीवान स्वतः तेथे उभा राहत असे, दुसऱ्यावर सोपवीत नसे. आजच्या चाकाची धाव रबराची झाली आणि ती दुकानातून येते. जमिनीला टेकणारी तेवढीच ती वस्तू आहे, ही गोष्ट मात्र तशीच राहिली. येत्या पावसाळ्यापूर्वी वाचकांनी आपापल्या गाडीशेजारी गाडीवानासारखे घटकाभर उभे राहावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.